अळंबीची बाटली



माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. तेव्हा औषधांविषयी बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. तो अधिकार मला एका सोबत्याच्या दुखण्याने दिला. त्याला जठराचा कर्करोग झाला. आम्ही युनियनमार्फत वर्गणी जमवून दिली. त्या पैशांतून त्याने औषधी अळंबीच्या भुकटीच्या बाटल्या आणल्या आणि केमोथेरपीच्या दोन तारखा चुकविल्या. "हिने अंगात ताकद येते, मग ते विष कशाला?" असे तो म्हणाला. मला उत्तर देता येईना, म्हणून वाचू लागलो.

विक्रेत्याने जपानचे नाव सांगितले होते. ते खोटे नव्हते. कावाराताके ही तिकडची लाकडावर उगवणारी अळंबी. तिच्यापासून काढलेले क्रेस्टिन जपानात १९७७ साली औषध म्हणून मंजूर झाले. शिताके अळंबीतले लेंटिनान १९८५ साली. अळंबीत बीटा-ग्लुकान नावाचा पदार्थ असतो. शरीरातल्या पहारेकरी पेशी तो ओळखतात आणि सावध होतात. १९९४ साली 'लॅन्सेट'मध्ये जठराची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ जपानी रुग्णांचा हिशेब छापून आला. पाच वर्षांनंतर, केमोथेरपीबरोबर क्रेस्टिन घेतलेल्यांपैकी शेकडा ७३ हयात होते. नुसती केमोथेरपी घेतलेल्यांपैकी शेकडा ६०.

आता हाच हिशेब नीट वाचा. शस्त्रक्रिया दोन्ही गटांची झाली होती, केमोथेरपीही दोघांना होती. नुसत्या अळंबीवर कोणालाच ठेवले नव्हते! शिवाय क्रेस्टिन हे ठरीव मात्रेचे औषध होते, लेंटिनान तर शिरेतून देत. बाजारची भुकटी म्हणजे ते नव्हे. रेशी अळंबीच्या चाचण्या कॉक्रेन संस्थेने २०१६ साली पुन्हा तपासल्या. मुख्य उपचार म्हणून तिला पुरेसा आधार मिळाला नाही; जोडीला देता येईल, एवढेच निघाले.

संपात घरोघर शिधा पोचवावा लागतो. शिध्यावाचून माणूस टिकत नाही. पण नुसत्या शिध्याने संप जिंकला, असे मी तीस वर्षांत पाहिले नाही. अळंबीचे तसेच आहे.

कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून डबीवर 'प्रतिकारशक्तीसाठी' असे मोघम छापतात आणि उरलेले तोंडी सांगतात. त्या तोंडी बोलण्याची पावती मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

माझा सोबती पुन्हा उपचाराला गेला. चुकलेल्या दोन तारखा मात्र त्याला परत मिळाल्या नाहीत. तुम्हाला अळंबी घ्यायचीच असेल, तर बाटली आधी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि चालू उपचार तिच्यासाठी एक दिवसही सोडू नका, एवढीच माझी विनंती.