काही गावं म्हंजे कोनती?

(रिठद येथील शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेलं भाषण)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक सर, गुरुजन, तुरीची सोंगणी अर्ध्यावर टाकून आलेली गावकरी मंडळी, मांडवाच्या कडेनं उभ्या असलेल्या मायबहिणी, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या पोट्टेहो आणि पोट्ट्यांनो!

हसलात ना? बरं झालं. ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हटलं असतं तर एकही हसला नसता.

मघाशी माझी ओळख करून देताना तुमची सूत्रसंचालक, नववीतली ही मुलगी, म्हणाली, ‘आजचे प्रमुख पाहुने.’ मागच्या बाजूला कोणीतरी खिदळलं. ती थांबली, खाली पाहिलं, आणि पुन्हा म्हणाली, ‘पाहुणे’. मी घरून चार कागदांचं भाषण लिहून आणलं होतं. ‘यशाची गुरुकिल्ली’ असा विषय होता. ते कागद आता खिशातच राहू देतो. त्या एका ‘न’वरच बोलतो, कारण तो ‘न’ माझ्याही चांगल्या ओळखीचा आहे.

मी इथलाच. पैनगंगेच्या काठचा. आमच्या घरी पानी होतं, पाणी नव्हतं. डोया होता, डोळा नव्हता. केयी खाल्ली की सालीवरून घसरायचो, पण केळी काय असते ते पुस्तकातच पाहिलं. गावात पहिला टीव्ही मास्तरांच्या घरी आला. एक जण टिनावर चढून अँटेना फिरवायचा आणि ओरडायचा, ‘आलं का?’ खालून उत्तर जायचं, ‘नाही, मुंग्या आल्या!’ त्या मुंग्यांतून अचानक एक स्वच्छ आवाज यायचा, ‘नमस्कार.’ सात वाजताच्या बातम्या. ओसरीवरचे म्हातारे चिलीम खाली ठेवायचे. मला त्या बातम्यांचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच वाटायचं की या माणसानं ‘नमस्कार’ म्हटलं की आमचा आजा समोरच्या काचेला हात का जोडतो?

मोठा झाल्यावर निवेदक व्हायचं म्हणून आवाजाच्या चाचणीला गेलो. दोन पानं वाचायला दिली होती. वाचून झालं. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आवाज चांगला आहे. सतरा ‘ण’ घसरले.’ मोजले होते त्यांनी! नापास होऊन बाहेर आलो तेव्हा मला माझ्या घराचा, माझ्या मायच्या बोलण्याचा राग आला. पोरांनो, माझ्या आयुष्यात मला लाज वाटावी असा क्षण तो आहे. नापास झालो म्हणून नाही. मायच्या बोलण्याची लाज वाटली म्हणून.

तो राग कसा गेला ते सांगतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथे मराठी बातम्या पहिल्यांदा वाचल्या त्या डॉ. विश्वास मेहेंदळे यांनी. मग एकेक माणूस येत गेला. स्मिता पाटील तुम्हाला ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’मुळे माहीत असेल, निदान तुमच्या सरांना तरी. ती आधी दूरदर्शनवर बातम्या वाचायची. बातम्यांना साडी लागायची आणि बाईसाहेब यायच्या जीन्स घालून. मग जीन्सवरच साडी गुंडाळायची आणि खुर्चीत बसायचं. कॅमेरा कमरेच्या खाली जातोय कशाला! त्याच पडद्यावर श्याम बेनेगलांची नजर तिच्यावर गेली, आणि पुढे ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी तिला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १९८६ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ती गेली.

प्रदीप भिडे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकले आणि सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर आले. मास्तरांच्या घरच्या मुंग्यांतून आम्हाला ऐकू यायचा तो हा आवाज. जवळपास चाळीस वर्षं हा माणूस बातम्या वाचत होता. पूर असो, निवडणूक असो, कोणाचं निधन असो, त्यांचा सूर कधी चढला नाही. आज टीव्हीवर निवेदक जेवढे ओरडतात तेवढं आपण बैल उधळला तरी ओरडत नाही. भिडे जून २०२२ मध्ये गेले, तेव्हा लोकांना त्यांनी वाचलेली कुठली बातमी आठवली नाही, त्यांचं ‘नमस्कार’ आठवलं.

पण माझा राग घालवला तो भक्ती बर्वे यांनी. जन्म सांगलीचा, १९४८ चा. दूरदर्शनवर निवेदिका, बातम्या वाचायच्या. उच्चार असा की ‘ण’ म्हटला की टाळूला लागलेली जीभ आपल्याला दिसावी. आणि हीच बाई १९७५ मध्ये रंगमंचावर उभी राहिली ‘ती फुलराणी’ होऊन. पु. ल. देशपांड्यांचं नाटक, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलेलं. गोष्ट काय? फुलं विकणारी एक पोरगी, मंजुळा. तिची भाषा ऐकून भाषेचे एक प्राध्यापक कान झाकतात आणि पैज लावतात की हिला मी ‘शुद्ध’ बोलायला शिकवून दाखवतो. पोरगी शिकते. पण शिकल्यावर ती प्राध्यापकांना जो प्रश्न विचारते तो व्याकरणाचा नसतो, माणुसकीचा असतो: मी नीट बोलत नव्हते तेव्हा माणूस नव्हते का?

आता पाहा. महाराष्ट्रात ज्या थोड्या बायकांचे उच्चार प्रमाण मानले जात होते, त्यांतलीच एक बाई रंगमंचावर जाऊन ‘अशुद्ध’ बोलणाऱ्या पोरीची बाजू मांडत होती. बातम्यांतला ‘ण’ तिचाच, मंजुळेचा ‘न’ही तिचाच. दोन्हींत ती खोटी नव्हती. २००१ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्या गेल्या. मला त्यांना भेटता आलं नाही. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट कळली की ‘ण’ शिकायचा तो ‘न’ला हाकलण्यासाठी नाही. माणसाच्या तोंडात दोघांनाही जागा असते.

आणि आपण लाजावं तरी का? आपलं वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. राजशेखर नावाचा कवी, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. त्यानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लागतं. कुठे? काशीत नाही, उज्जैनीत नाही. आपल्या वत्सगुल्मात! संस्कृतातल्या सगळ्यात गोड शैलीला नाव काय? वैदर्भी. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात लिहिला गेला तो आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. ज्या मातीत भाषेचं लग्न लागलं, त्या मातीतल्या पोरीनं ‘पाहुने’ म्हटलं म्हणून आपणच हसतो. वऱ्हाडी मंडळीच नवरीला हसायला लागली तर लग्न लागायचं कसं?

जरा लांबची एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा छोटा डोंगराळ मुलूख आहे. त्यांची वेल्श भाषा वेगळी आहे, इंग्रजीच्या जवळपासही नाही. १९८० च्या सुमारास ती बोलणारी माणसं होती पाचेक लाख. आपल्या एकट्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जवळपास १२ लाख भरली, म्हणजे आपल्या निम्मीसुद्धा नाहीत! सरकारनं वेल्श भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी देण्याचं वचन दिलं आणि मग फिरवलं. तेव्हा ग्विनव्हॉर इव्हान्स नावाचे त्यांचे एक वयस्कर नेते म्हणाले, वाहिनी मिळाली नाही तर मी आमरण उपोषणाला बसतो. सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ ला ती वाहिनी सुरू झाली, आणि त्या मुलखातल्या आणखी पोरांना निवेदक म्हणून आपल्याच भाषेत पोट भरता येऊ लागलं. एक म्हातारा जेवण सोडायला तयार झाला, कशासाठी? संध्याकाळी काचेतून कोणीतरी आपल्या भाषेत ‘नमस्कार’ म्हणावं यासाठी. माझा आजा काचेला हात का जोडायचा, ते मला इथे समजलं.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

पुढे मी ‘ण’ शिकलो. रोज पहाटे विहिरीच्या काठावर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. दुसऱ्या वेळी पास झालो आणि काही वर्षांनी टीव्हीवर बातम्या वाचू लागलो. गावात पेढे वाटले गेले. एका वर्षी ऐन रब्बीत गारपीट झाली. माझ्या हातातल्या कागदावर रिसोड तालुक्यातल्या सात गावांची नावं होती. कानात निर्मात्याचा आवाज आला, ‘वेळ कमी आहे, आवर.’ मी आवरलं. सात नावं गाळली आणि वाचलं, ‘रिसोड तालुक्यातील काही गावांना गारपिटीचा तडाखा बसला.’ ‘ण’, ‘ळ’ सगळे जागच्या जागी. एकही चूक नाही.

रात्री बाबांचा फोन आला. ‘आपल्या गावाचं नाव नाही आलं रे.’

मी म्हटलं, ‘बाबा, वेळ नव्हता. काही गावं म्हटलं ना मी.’

ते म्हणाले, ‘काही गावं म्हंजे कोनती?’

मला उत्तर देता आलं नाही. ते पुढे म्हणाले, ‘हरबरा गेला. गहू झोपला. पटवारी येईन तवा येईन. पन तू नाव घेतलं असतं त कोनाले तरी ठाऊक झालं असतं का आपन आहो.’

फोन ठेवल्यावर घड्याळ लावून सात गावांची नावं वाचून पाहायला बसलो, पण नावंच आठवेनात. कागद स्टुडिओत राहिला होता. त्यात तुमचं रिठद होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मी ते तोंडानं उच्चारलंच नाही, तर लक्षात राहील कसं? मग मी आपल्याच तालुक्यातली आठवतील ती सात गावं घेतली आणि वाचली. सात सेकंदं लागली. सात सेकंदं वाचवायला मी सात गावं विकली होती.

सतरा ‘ण’ घसरले तेव्हा मी नापास झालो होतो. एकही ‘ण’ घसरला नाही त्या दिवशी मी खरा नापास झालो.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. नाव गाळायचं नाही, आणि घेतलं तर नीट घ्यायचं. तुमच्याच गावाचं नाव घ्या. बातमी बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत येते. त्या लिपीत ‘थ’ आणि ‘ठ’ यांना एकच जोडी, ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर. म्हणजे मुंबईत बसलेल्या माणसापुढे चार गावं उभी राहतात: रिथद, रिथड, रिठड आणि रिठद. त्यातलं खरं एकच. ते कोणतं, हे शोधायला एक फोन करावा लागतो. तो फोन करणं म्हणजे निवेदकाचं काम. पडद्यावर दिसतं ते त्या कामाचं शेवटचं टोक. म्हणून तर ‘ठ’ला जीभ टाळूला लावायची आणि ‘द’ला दातांना. शुद्ध बोलायचं ते आपण शहाणे दिसावं म्हणून नाही, समोरच्याचं गाव त्याच्यापर्यंत धडपणे पोचावं म्हणून.

तुमच्यापैकी कोणाला या वाटेनं यायचं असेल तर थोडं कामाचं सांगतो. रोज एक पान मोठ्यानं वाचा, आणि घरात ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकवा. त्याला कळलं तर तुम्ही पास. वाचण्याआधी मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीनं उभी रेघ मारा. तोंडापुढे तळहात धरून ‘प’ आणि ‘फ’ म्हणा. हाताला वाऱ्याचा फटका बसला तर माईकलाही बसतो. आकडे मराठीत पाठ करा. त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांत अडखळलात तर सोयाबीनचा भाव दहा रुपयांनी बदलतो, आणि मग शेतकरी तुम्हाला शोधत येतो! आकाशवाणीच्या केंद्रांवर, आपल्या अकोल्यालाही, नैमित्तिक निवेदकांसाठी आवाजाच्या चाचण्या होतात. तिथे जा. नापास झालात तर पुन्हा जा. पण घरी येऊन मायवर रागावू नका. तिच्याशी ‘मले-तुले’च बोला. तिच्या ‘पानी’नंच आपली तहान भागलेली आहे.

आता संपवतो. बाई, तू इकडे ये. तुझ्या हातातल्या कागदाकडे मघापासून माझं लक्ष आहे. पुढचा कार्यक्रम समूहनृत्य. सहभागी विद्यार्थी: चार नावं, आणि पुढे लिहिलंय ‘आणि इतर’. पडद्याच्या फटीतून मला ते ‘इतर’ दिसताहेत. एकानं काजळाची मिशी काढली आहे, ती घामानं गालावर उतरली आहे. त्याची आजी कदाचित समोर बसली असेल, नातवाचं नाव कधी येतं याकडे कान लावून.

माझ्या भाषणाची दोन मिनिटं शिल्लक आहेत असं सर खुणेनं सांगताहेत. ती मी तुला देतो. आत जा, त्यांना एकेकाला नाव विचार, आणि सगळी नावं वाच. चुकलीस तर मघाशी म्हटलंस तसं पुन्हा म्हण. कोणी हसलं तर हसू दे.

घे माईक.