केल्व्हिनग्रोव्हची पोटनिवडणूक

एखाद्या पोटनिवडणुकीनें सरकार सहसा बदलत नाहीं. परंतु सरकारविषयीं लोकांच्या मनांत काय चाललें आहे, हें तिच्यावरून चांगलें कळतें. ग्लासगो शहरांतील केल्व्हिनग्रोव्ह मतदारसंघांत १३ मार्च १९५८ रोजीं झालेली पोटनिवडणूक याच दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

मुख्य सामना युनियनिस्ट आणि मजूर या दोन पक्षांत होता. 'युनियनिस्ट' हें नांव ऐकून कोणास कामगारसंघांची आठवण होईल, पण अर्थ अगदीं निराळा आहे. येथें 'युनियन' म्हणजे ब्रिटन व आयर्लंड यांचा राजकीय संयोग. तो टिकावा असें म्हणणारे लिबरल व हुजूर पक्षीय लोक १९१२ सालीं एक झाले, आणि १९६५ पर्यंत स्कॉटलंडांतील हुजूर पक्ष याच नांवानें वावरला. कामगारसंघांचें पाठबळ होतें तें मजूर पक्षाला.

जागा रिकामी झाली ती वॉल्टर एलियट यांच्या निधनानें. ते पेशानें डॉक्टर. शेतकी, स्कॉटलंड व आरोग्य हीं खातीं त्यांनीं सांभाळलीं होतीं. तरीही १९४५ सालीं याच मतदारसंघांत ते अवघ्या ८८ मतांनीं पडले, व १९५० सालीं त्यांनीं तो परत मिळविला. अशा निसरड्या जागेवर पक्षानें त्यांच्या पत्नी कॅथरिन एलियट यांना उभें केलें. त्या केवळ दिवंगत मंत्र्याच्या पत्नी नव्हत्या. हुजूर पक्षाच्या मध्यवर्ती संघटनेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें होतें. मजूर पक्षानें मेरी मॅक्अॅलिस्टर यांची निवड केली. त्या पूर्वीं परिचारिका होत्या व ग्लासगोच्या नगरसभेंत काम करीत होत्या.

सहानुभूति बाईंच्या बाजूस होती, पण काळ प्रतिकूल होता. सुएझच्या प्रकरणाला फार दिवस झाले नव्हते. त्यांत १९५७ च्या भाडेकायद्यानें अधिक आकारणीच्या घरांवरील नियंत्रण उठविलें, आणि उरलेलीं घरेंही भाडेकरू बदलतांच मोकळीं होऊं लागलीं. ज्या वस्तींत बहुतेक कुटुंबें भाड्याच्या खोल्यांत राहतात, तेथें असा कायदा पार्लमेंटांत राहत नाहीं, तो थेट चुलीपाशीं येऊन बसतो. मृताविषयींचा आदर एका पारड्यांत आणि डोक्यावरील छपराची काळजी दुसऱ्यांत, असा हा तोल होता. मॅक्अॅलिस्टर १,३६० मतांनीं विजयी झाल्या.

परंतु हा विजयही कायमचा ठरला नाहीं. १९५९ च्या सार्वत्रिक निवडणुकींत ती जागा पुन्हां युनियनिस्टांकडे गेली. इकडे पराभूत कॅथरिन एलियट यांना १९५८ सालींच, नव्या कायद्यान्वयें, तहहयात उमरावपद मिळालें, आणि लॉर्ड्स सभेंत सदस्य म्हणून भाषण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. जनतेनें नाकारलेलें आसन नेमणुकीनें मिळावें, यांत कोणास विसंगति दिसेल, आणि ती आहेही. तथापि दोहोंतील भेद विसरतां कामा नये: उमरावपद सरकार देऊं शकतें, प्रतिनिधित्व मात्र मतदारांकडूनच मागून घ्यावें लागतें.

निवर्तलेल्या सभासदाच्या घरांतच उमेदवारी देण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नाहीं. तींत नेहमींच दोष असतो असें नव्हे. उमेदवार स्वतः लायक असूं शकतो. मात्र मतदारसंघ हा वारसाहक्कानें उतरणारा वाडा नव्हे. शोक व्यक्त करावा, कृतज्ञता बाळगावी, आणि मत देतांना आपल्या घराचें भाडें कोण ठरवितो याचाही विचार करावा. केल्व्हिनग्रोव्हच्या मतदारांनीं त्या दिवशीं एवढेंच केलें.