बोटभर जादूगार आणि त्याची सावली



ज्या व्यासपीठावरून आपण राज्यघटनेवर आणि ज्ञानेश्वरीवर भाषणे ऐकता, तेथे आज आम्ही खिशातून एक बोटभर जादूगार काढून बोलायला उभे राहिलो आहोत. निळा झगा, पांढरी दाढी, हातात काठी. उंची अवघी 28 मिलिमीटर. मागच्या रांगांना तो दिसणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण न दिसणे हाच आजचा विषय आहे.

प्रथम याचे कूळ सांगतो. चिमुकले शिपाई मांडून लढाई खेळण्याचा नाद इंग्लंडात जुना. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे त्या खेळाच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. 1974 साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला आणि शिपायांच्या शेजारी जादूगार, राक्षस, बुटके वीर येऊन बसले. 1983 साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ आला. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचे ठाणे आज नॉटिंगहॅमला आहे. तेथील सोंगट्या पूर्वी शिसेमिश्रित धातूच्या असत, आता बहुतेक प्लास्टिकच्या असतात. मात्र येतात त्या करड्या, बिनरंगी. रंग ज्याचा त्याने द्यायचा. या रंगकामाची ‘गोल्डन डेमन’ नावाची स्पर्धा 1987 साली सुरू झाली.

आमच्याकडे हा जादूगार पुतण्याने आणला. “काका, तुमचे अक्षर वळणदार आहे, तुम्हाला जमेल,” म्हणाला. आम्ही फुगलो. झग्याला निळा, तोंडाला गुलाबी, दाढीला पांढरा, असे डबीतले रंग तसेच थापले. वाळल्यावर पाहतो तो नाक बुजलेले, दाढीचे केस लिंपलेले. धाकट्या पुतणीने एकदा निरखून पाहिले आणि म्हणाली, “काका, याला बरं नाही का?”

आम्हाला राग आला. पण पोरीचे खोटे नव्हते. विचार करता आमच्या दोन चुका सापडल्या.

पहिली चूक घाईची. इतक्या लहान मूर्तीवर रंगाचा जाड थर म्हणजे घराच्या नक्षीवर चिखल. रंग पाण्याने पातळ करावा, एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत आणि पहिला वाळल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये. हे कोणीही सांगेल, पाळणे अवघड.

दुसरी चूक अधिक खोल होती. आम्ही झग्याला झग्याचा रंग दिला, तरी झगा मेलेलाच दिसत होता. याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. ही मूर्ती माणसाच्या सुमारे एक-साठांश. ती आपण दोन फुटांवरून पाहतो. म्हणजे खरा माणूस 120 फुटांवरून पाहावा तसे झाले. 120 फुटांवरून माणसाच्या बाह्यांच्या चुण्या दिसतात काय? त्याचा रोष दिसतो काय? नाही. पण सोंगटीत मात्र आपण ते सारे शोधतो. म्हणून जो उजेड डोळ्यांना पोचत नाही, तो कुंचल्याने काढावा लागतो. नाटकात शेवटच्या रांगेसाठी नटाच्या भुवया जाड रेखतात. जवळून त्या भडक दिसतात, लांबून चेहरा बोलतो. तोच न्याय येथे.

म्हणून क्रम असा: अस्तर द्यावे. त्यावर मूळ रंग. मग अगदी पातळ काळसर रंग वरून सोडावा. तो आपोआप चुण्यांच्या खाचांत उतरतो आणि सावली होतो. वाळल्यावर उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा, त्याहून उंच कडांवर फिकट, आणि टोकावर जवळजवळ पांढरा. उजेड कोठून येतो हे आधी ठरवावे, आणि मग नाकापासून काठीपर्यंत त्याच्याशी इमान राखावे. डोळ्यांच्या वेळी दोन्ही मनगटे टेबलाला टेकवावीत: आधी गडद रेघ, तिच्यात पांढरा ठिपका, त्यात काळा. मूर्ती पेंटरने आखणी केल्यावर गणपती जसा आपल्याकडे पाहू लागतो, तसा हा बोटभर म्हातारा एका रात्री आमच्याकडे पाहू लागला. त्यापूर्वी त्याचा रंग आम्ही तीनदा उतरवला होता.

“पण पटावर हा पहिल्याच डावात मरणार ना?” असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. मरेल. पुतण्याच्या फाशांवर आमची सत्ता नाही. या छंदातली मंडळी न रंगवलेल्या सोंगट्यांच्या साठ्याला थट्टेने ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. विकत घेणे एका क्षणाचे आणि पुरे करणे महिन्याचे, म्हणून तो वाढतो. असे ढीग आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहेत. त्यात सोंगट्याच असतात असे नाही. साठीनंतर आमच्या हातून एक गोष्ट, कोणी मागे लागले नसता, तीनदा पुसून चौथ्यांदा पुरी झाली, एवढे मात्र आम्ही अभिमानाने सांगू.

आता हा जादूगार येथे टेबलावर ठेवतो. आभारप्रदर्शनानंतर अवश्य पाहा. दोन फुटांवरून पाहा. आणि हात लावू नका, दाढी अजून ओली आहे.