शेवटचे पाणी

(भाजीपाला उत्पादकांच्या जोगेश्वरी येथील बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आज वसई-पालघरकडून लोकलने आलात. या मार्गावर, जोगेश्वरीच्या आसपासही, रुळांच्या कडेला भाजीचे वाफे अनेक वर्षे दिसत आले. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वे आपली मोकळी जमीन कर्मचाऱ्यांना भाजी लावण्यासाठी देत असे. पालक, लाल माठ, अळू, भेंडी ही पिके तिथे निघत. पाणी मात्र पुष्कळदा शेजारच्या नाल्याचे. प्रत्यक्ष राबणारा माणूस बहुधा परगावचा, पोटासाठी आलेला. त्याला नावे ठेवायला मी उभा नाही. पण त्या भाजीची बातमी छापून आली की स्टेशनबाहेरची बाई तुमचीही जुडी खाली ठेवते. तुमचा पालक विहिरीच्या पाण्यावर वाढला हे तिला कळावे कसे?

नाल्याच्या पाण्यात दोन प्रकारचे दोष असतात. एक रोगजंतूंचा. तो धुतल्याने कमी होतो, नीट शिजवल्यावर बहुतेक जातो. दुसरा शिसे, कॅडमियम अशा जड धातूंचा. हे धातू मुळांवाटे पानात उतरले की धुऊन जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. म्हणून कारखान्यांचे सांडपाणी मिसळणारे पाणी पालेभाजीस निवळूनसुद्धा देऊ नये.

आता आपल्याकडचे बघू. आपले वाफे चांगले असतात, घोटाळा होतो तो काढणीनंतरच्या तासाभरात. जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्या ओढ्यात किंवा बांधाजवळच्या डबक्यात बुचकळतात. त्याच डबक्यात गुरे उतरलेली असतात. महिनाभर विहिरीचे पाणी पाजले आणि शेवटचे पाणी डबक्याचे लावले, तर आधीची सारी काळजी फुकट. कोथिंबीर व मुळा तर लोक कच्चेच खातात.

जुड्यांची माती आधी साध्या स्वच्छ पाण्याने काढावी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन लगेच खर्ची पडतो. नंतर १०० लिटर स्वच्छ पाण्यात ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लिचिंग पावडर १५ ग्रॅम मिसळावी. हे प्रमाण दशलक्ष भागांत ५० भाग एवढे येते. वरचे निवळलेले पाणी घेऊन त्यात जुड्या दोन मिनिटे बुडवाव्यात व पुन्हा पिण्याच्या पाण्यातून काढाव्यात. पावडर वजन करूनच घ्यावी. ‘मूठभर टाकली’ हे माप नव्हे. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी झालेली असते.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चे शेणखत घालणे व काढणी यांत १२० दिवसांचे अंतर लागते. आपला पालक महिना-सव्वा महिन्यात निघतो, तेव्हा उभ्या पिकात ताजे शेण कालवून देण्याचा प्रश्नच येऊ नये.

कायद्याबद्दल नेहमी विचारले जाते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातील कलम १८(३) नुसार शेतकरी व शेतावरील पीक यांस तो कायदा लागू नाही. हे खरे आहे. पण तुमचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्यास तो लागू आहे. नमुना दोषी निघाला की तो तुमच्याकडे बोट दाखवणार आणि माल घेणे थांबवणार. शिवाय औषधांचे नियम तुम्हांला थेट लागू आहेतच. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून बंदी आहे.

संशयाने काय होते ते स्पेनच्या शेतकऱ्यांना विचारावे. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली, ५० हून अधिक माणसे दगावली. सुरुवातीला ठपका स्पेनच्या काकड्यांवर आला. बाजार बंद झाले, मालाचे ढीग फेकून द्यावे लागले. पुढे तपासात निघाले मोड आलेले मेथीचे बी! काकडीवाले निर्दोष ठरले, पण हंगाम गेला तो गेलाच.

म्हणून एक साधी वही ठेवा. कोणत्या वाफ्यात काय लावले, पाणी कुठले, खत कधी, फवारणी कशाची, तिच्या पत्रकावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायला सांगितले आहे आणि प्रत्यक्ष काढणी कोणत्या दिवशी झाली, एवढे लिहिले तरी पुरे. घरातील शाळकरी मुलगीही हे लिहील, आणि बहुधा आपल्यापेक्षा नीट लिहील.

विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तपासावे. त्यातली एक तपासणी पावसाळ्यात करावी, कारण गोठ्याकडचे पाणी तेव्हाच विहिरीत उतरते. जंतूंच्या तपासणीसाठी रॉकेलची किंवा शीतपेयाची बाटली धुऊन चालत नाही. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी, नमुना भरल्यावर ती बर्फात ठेवावी व त्याच दिवशी पोहोचवावी.