नळाचा पाइप थंडीतच उकरून पाहा



आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा फौजेत आहे, सध्या लेहला. परवा त्याचा फोन आला, म्हणे तिकडे नळ गोठले. रात्री पाइपातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पाइप फुटतो. दहा गुंड पाण्याचा बर्फ झाला तर त्याला जवळपास अकरा गुंडांची जागा लागते, ती पाइपात कुठून यायची? म्हणून तिकडचे लोक पाइपाला गोधडीसारखं गुंडाळतात, रात्रभर नळ थेंब-थेंब चालू ठेवतात. काकू हसल्या. म्हणाल्या, "आपल्या इकडं बरं वो बाई, बर्फ पाहाले चिखलदऱ्याले जा लागते, थोही नशिबात असला त."

बर्फ आपल्याकडे नाही, पण पाइप फुटतातच. फक्त ते फुटतात चैत्र-वैशाखात, आणि फोडते आपली काळी माती.

ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतातल्या भेगा तुम्ही पाहताच, हात आत जातो, काही तर मीटरभर खोल. तीच माती आपल्या अंगणाखाली आहे. आकसताना ती पाइपाला धरून ओढते. घर पायव्यावर उभं, ते हलत नाही. माती खाली बसते. मग पाइप भिंतीत शिरतो तिथलाच जोड निखळतो. लोक म्हणतात, पाइप हलका होता. कधी असतोही, पण चांगला पाइपही असा तुटतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत वैशाखात चार घरांत हगवण लागली. सगळे लग्नातल्या जेवणाला दोष देत होते. पण त्यातल्या दोन घरांतलं कोणी लग्नाला गेलंच नव्हतं! शेवटी नालीजवळ उकरलं, तर जोड सुटलेला. नळ चालू असतो तेव्हा तिथून पाणी बाहेर जातं. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि नालीचं पाणी त्याच फटीतून आत येतं. त्यात कोणी नळाला टिल्लू पंप लावला तर तो घाण ओढूनच आणतो. आमच्याकडेही एक पंप होता. कोणाचा, ते सांगत नाही, आता काढला आहे.

अकोट-तेल्हाऱ्याकडच्या बायांना हे जास्त जाणवेल. खारपाणपट्ट्यात विहिरीचं, बोअरचं पाणी खारं, म्हणून वान धरणावरून ८४ खेडी योजनेचं पाणी आलं. तिथं नळाचं पाणी नासलं तर दुसरं प्यायचं कोणतं?

म्हणून हे काम आत्ता करा. तुरी सोंगून झाल्या की चार दिवस मोकळे मिळतात. मातीत अजून ओल आहे, सब्बल सहज जाते. उन्हाळ्यात तीच जमीन दगड होते. पाणी येणार नसेल असा दिवस पाहा आणि नळवाल्या दादाला आधी सांगा.

भिंतीपासून पाइपाच्या कडेनं उकरा. पाइप दोन-अडीच फूट खोल हवा. वर असेल तर खाली घ्या. खालची काळी माती काढून तिथे चार बोटं रेती टाका, पाइपाच्या बाजूंना आणि वरही रेतीच, मग माती. रेती फुगत नाही, आकसत नाही, त्यामुळे पाइपाला ओढ बसत नाही. कडक पीव्हीसीपेक्षा काळा लवचिक पाइप बरा. तो ताणून टाकू नका, थोडा बाक राहू द्या. भिंतीतून नेताना मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून न्या, भोक सिमेंटनं गच्च बुजवू नका. नालीतून पाइप नेलाच असेल तर तो आधी बाहेर काढा, बाकीचं नंतर. उन्हात उघडा पडलेला पीव्हीसी पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो, त्याला मातीत घाला नाहीतर पोत्यानं झाका.

सगळ्यांना लगेच उकरणं जमणार नाही. त्यांनी एवढं करा. नळ आला की पहिल्या दोन-तीन बादल्या धुण्याला, पिण्याचा गुंड त्यानंतर. एक बादली भरायला किती वेळ लागतो तो आज मोजून भिंतीवर लिहून ठेवा. पुढं जास्त वेळ लागू लागला, किंवा कोरड्या गल्लीत एका जागीच गवत हिरवं दिसलं, तर तिथे गळतंय असं समजा. आणि ओटी टेस्ट गल्लीतल्या शेवटच्या घरी करायला सांगा. टाकीजवळ पाणी पिवळं होतंच, क्लोरीन तिथूनच निघतं. शेवटच्या नळाला रंग आला नाही तर मधे काहीतरी बिघडलं आहे, ते पाणी उकळूनच प्या.

आमच्या गटानं रेतीची एक ट्रॉली पाच घरांत वाटून घेतली. उकरायला प्रत्येक घरचा एक माणूस आला. काकूंच्या घरून त्या स्वतःच आल्या, सब्बल घेऊन.