उतारवयातला कणा आणि त्यावरचा भार

पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. बोलण्यात तिला गादी म्हणतात. अशा 23 गाद्या माणसाच्या कण्यात असतात. प्रत्येकीच्या मधोमध पाणी धरून ठेवणारा मऊ गर, आणि भोवती चिवट तंतूंचे अनेक पदरी कडे. वरून भार आला की गर तो दाब चहूबाजूंना सारखा वाटून देतो, कडे ताणले जाते, आणि खालच्या मणक्यावर भार समान पसरतो. 1960 च्या दशकात स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून हा दाब मोजला. पडून राहिल्यावर तो सर्वांत कमी भरला. पुढे वाकून बसल्यावर मात्र उभे असतानापेक्षाही जास्त.

वयाबरोबर गरातली पाणी धरणारी प्रथिने तुटू लागतात. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. मणक्याच्या पृष्ठभागातून झिरपेल तेवढ्यावरच तिचे पोषण, म्हणून झीज भरून निघत नाही. कोरडा पडलेला गर दाब वाटू शकत नाही. मग भार कड्यावर, विशेषतः त्याच्या मागच्या भागावर, एकवटतो. तिथे चिरा पडतात आणि गादी बसते.

पण गादी बसली म्हणून भार कमी होत नाही, तो जागा बदलतो. मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे एकमेकांवर टेकतात. मृतदेहांच्या कण्यांवरील चाचण्यांत, गादी निरोगी असेल तर ताठ उभ्या स्थितीत मणक्याच्या मागच्या भागावर सुमारे 8 टक्के भार आढळला. गादी फार झिजलेली असेल तर सुमारे 40 टक्के. हे सांधे त्यासाठी घडलेले नसतात. ते झिजतात, त्यांच्या कडेला हाड वाढते आणि नसांची वाट अरुंद होते.

मणक्याच्या पुढच्या भागाचे होते ते याहून वाईट. ज्या हाडावर भार येत नाही ते विरळ होते. गादी झिजली की दिवसभर उभ्याने वावरताना या भागावर फार थोडा भार येतो. पण बादली उचलायला वाकले की मोठा भार एकदम त्याच्यावर येतो. उतारवयात मणका पुढूनच का चेपतो, हे नुसत्या कॅल्शियमच्या कमतरतेने सांगता येत नाही. चेपलेला मणका पाचरीसारखा होतो, धड पुढे झुकते, आणि शेजारच्या मणक्यांच्या पुढच्या कडेवरचा भार आणखी वाढतो.