तीन महिन्यांची शुगर आणि माझी खाला



मी डॉक्टर नाही. गोंदियात एका छोट्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेतो, तपासतो. म्हणून आज उपदेश नाही, माझ्याच हातून झालेली एक चूक सांगायला उभा आहे.

माझी खाला देवरी तालुक्यात राहते. वय पन्नाशीच्या पुढे. तिला सारखी तहान लागायची, पायाची जखम भरेना. तिची एचबीए१सी, म्हणजे आपण जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो ती तपासणी केली. रिपोर्ट ५.२ आला. तो मीच वाचला आणि मीच म्हणालो, “खाला, तुला शुगर नाही, निश्चिंत राहा.” चार महिन्यांनी जखम चिघळली. तेव्हा बोट टोचून शुगर बघितली, ती २९० होती.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली, त्याची टक्केवारी म्हणजे हा आकडा. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. पण पेशी तेवढी जगलीच नाही तर? सिकलसेलग्रस्ताची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा कमी दिसतो.

पुढच्या तपासणीत खाला सिकलसेलग्रस्त निघाली. आयुष्यभर तिचे सांधे दुखायचे, डोळे पिवळे पडायचे. आम्ही कधी त्याला वात म्हटलं, कधी रोवणीचा थकवा.

का ओळखलं नाही? कारण घरात एक वाक्य ठरलेलं होतं: “तो आजार त्यांच्यातला, आपल्यात नाही.” मित्रांनो, हिमोग्लोबिनचा हा बदल जात-धर्म विचारून येत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे तो टिकला, कारण सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. आपला गोंदिया, शेजारचा गडचिरोली हा तसाच जंगलाचा मुलूख. इथल्या मातीत आपलेही पूर्वज राबले आहेत.

गंमत बघा. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर हे संशोधक लोकांच्या रक्तात वेगळी हिमोग्लोबिनं शोधत होते. त्या शोधात त्यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळा पट्टा दिसला. तिथूनच पुढे ही तपासणी आली. म्हणजे ती जन्मली हिमोग्लोबिनचे प्रकार तपासताना, आणि आपण ती वापरतो हिमोग्लोबिनचा प्रकार न विचारता.

मग करायचं काय? तपासणी फेकून द्यायची नाही. बहुतेकांसाठी ती चांगलीच आहे. वाहकांमध्ये फरक सहसा थोडाच पडतो, पण काही यंत्रांच्या पद्धतीत गोंधळ होऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी आकड्यावर भरवसा नको. लोहाच्या कमतरतेत तो उगाच जास्तही दिसू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची शुगर मागा. फ्रुक्टोसामाईन नावाची तपासणीही आहे, ती दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते.

बहिणींनो, गरोदरपणात तर तीन महिन्यांच्या शुगरवर विसंबूच नका. त्या काळात पेशी लवकर बदलतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघतात. ती १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. पाच मिनिटांचं काम नाही, दोन तास बसावं लागतं. सासूबाई घाई करतील, तरी बसा.

रमजानमध्ये मधुमेहींनी महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना भेटावं. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायला सांगतात. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.

आणि शेवटचं, लग्नाळू मुलामुलींसाठी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्न होत असेल तर दोघंही वाहक असण्याचा धोका वाढतो. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची सिकलसेल तपासणी होते. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. वाहक असणं आजार नाही, लपवण्यासारखंही नाही.

खालाचा पाय वाचला. एक बोट गेलं. ती मला अजून एका शब्दानं बोललेली नाही. म्हणूनच मी तुमच्याशी बोलतोय.